शरीराने पूर्ण केलेले काम

मोठीमायच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकूच्या, कंबरेचे दुखणे जुने आहे. जिचे अर्धे आयुष्य वावरात वाकून निंदण करण्यात आणि पऱ्हाटीतून कापूस वेचण्यात गेले, तिची कंबर दुखणारच, असे घरातल्या सगळ्यांनी धरून चालले होते. पण या दिवाळीनंतर ओसरीवरून उठताना तिला खांबाचा आधार घ्यावा लागू लागला, तेव्हा मी तिला तालुक्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली, मणक्यांची झीज दाखवली आणि मोठीमायला कळेल अशा शब्दांत ती समजावूनही सांगितली. मग पेनाचे टोक खाली नेत, ओटीपोटाच्या पोकळीत डाव्या-उजव्या बाजूंना दिसणाऱ्या दोन लहानशा फिकट वर्तुळांपाशी थांबून ते म्हणाले, "ह्या तुमच्या ऑपरेशनच्या रिंगा आहेत, मावशी. त्यांचे काही नाही." मोठीमायचे कुटुंबनियोजनाचे, गर्भनलिका बांधण्याचे ऑपरेशन ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात झाले होते. तिने फिल्मकडे बघितले आणि विचारले, "मंग इतके वर्सं हे माह्या पोटातच होतं काय?" डॉक्टर म्हणाले, "राहतातच त्या. त्रास देत नाहीत." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, कंबरेचा पट्टा सांगितला आणि बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या माणसाला आत बोलावले.

डॉक्टरांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. तरीही परतीच्या एसटीत मोठीमाय खिडकीबाहेर बघत राहिली आणि एरवी भेटेल त्या बाईशी तुरीच्या भावापासून लग्नाच्या तिथीपर्यंत बोलणारी ती वाटभर गप्प होती. रात्री जेवणे झाल्यावर, मी तिच्या कंबरेला मलम चोळत असताना, तिने एकामागून एक प्रश्न विचारले. ते पोटात विरघळत नाही काय? त्याला जंग लागत नाही काय? आणि जिथे बसवले तिथेच ते आहे, की फिरते? मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या पुस्तकात प्रजनन आरोग्याचा भाग आहे, त्यात दोन्ही नळ्या बांधल्याची आकृती आहे, विद्यार्थी ती पेन्सिलीने रेखतात आणि नावे देतात. त्या आकृतीत काळ कुठेच नाही. नळी बांधली, प्रश्न संपला, असे ती आकृती सांगते. मोठीमायचे तिन्ही प्रश्न मात्र काळाबद्दलचे होते: बाहेरची वस्तू आत ठेवल्यावर आजूबाजूच्या मांसाने पुढे काय केले, हे तिला जाणून घ्यायचे होते, आणि तिचे शरीर तिचे असल्यामुळे तिला ते कळायला हवे होते.

तिच्या ऑपरेशनच्या दिवशी मी सोबत होते. मी तेव्हा लहान होते आणि तिच्या तान्ह्या पोराला सांभाळायला मला नेले होते. शाळेच्या दोन खोल्यांतले बाक बाहेर काढून भिंतीकडेने सतरंज्या टाकल्या होत्या. फिनेल, स्पिरिट आणि गोणपाटाच्या धुळीचा एकत्र वास तिथे भरून राहिला होता, आणि एका रांगेत निजलेल्या बायका गुंगीत कण्हत होत्या. गडीमाणसे बाहेर निंबाखाली बिड्या ओढत बसली होती. शिबिरे हिवाळ्यातच भरत, कारण थंडीत जखम चिघळत नाही असा सगळ्यांचा विश्वास होता, आणि मार्च जवळ येऊ लागला की वर्षाच्या ऑपरेशनांचा ठरलेला आकडा पूर्ण करण्याची घाईही असे. एका बाईला आत न्यायचे आणि बाहेर आणायचे यांत इतका थोडा वेळ जाई की कडेवरचे पोर धड झोपतही नसे. संध्याकाळी बंडीत कडबा पसरून, त्यावर गोधडी टाकून मोठीमायला घरी आणले, तेव्हा ती पोटापेक्षा खांद्याच्या दुखण्याने जास्त कळवळत होती. पोटाचे ऑपरेशन आणि दुखतो खांदा, हे काही कोणाला उमगेना. आजीने मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकली. त्या दुखण्याचे कारण मला फार पुढे, शिकताना कळले. दुर्बिणीने बघायला जागा व्हावी म्हणून पोटात वायू भरतात, तो थोडा आत राहिला की छातीपोटामधल्या पडद्याला टोचतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्यामुळे मेंदूला ते दुखणे खांद्याचे वाटते. दोन दिवसांत ते जाते. एवढे एक वाक्य कोणी त्या रांगेतल्या बायकांना सांगितले असते, तर बऱ्याच घरांत त्या रात्री कोणी घाबरले नसते.

मोठीमायला त्या ऑपरेशनचा पश्चात्ताप कधीच झाला नाही, हे इथे लिहिले पाहिजे. चार बाळंतपणे झाली होती, त्यातले एक मूल सहा महिन्यांत गेले होते, आणि पुढचे नको हे तिने स्वतः ठरवले होते. सासूच्या मनात नसताना ती नर्सबाईंबरोबर गेली होती. मोठ्या बाबांनी नसबंदी करून घेण्याचा विषय घरात निघालाच नाही. आणीबाणीतल्या १९७६-७७ च्या त्या एका वर्षात देशभरात साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंदी झाल्या आणि त्यातल्या जबरदस्तीची धास्ती गावागावांत इतकी बसली की त्यानंतर कार्यक्रमाचा सगळा भार बायकांच्या पोटांवर आला. तो अजून तिथेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीवर विसंबलेल्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोटाच्या बाहेरची, कमी धोक्याची आहे, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. मागच्या बाकावरची मुले तेव्हा खाली बघतात.

मोठीमायच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी होती. रिंग सिलिकॉन रबराची असते, त्यामुळे ती विरघळत नाही आणि तिला जंग लागत नाही. इन बे यून या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत ती तयार केली, आणि पुढे एक्स-रेत दिसावी म्हणून तिच्या रबरात बेरियम सल्फेट मिसळलेले असते. पोटाच्या एक्स-रेआधी जे पांढरे पेय पाजतात त्यातही हेच असते. मोठीमायच्या फिल्मवरची ती फिकट वर्तुळे त्या बेरियमची होती. दुर्बिणीतून आत गेलेला चिमटा गर्भनलिकेचा मधला भाग धरून वर ओढतो, नळीचा एक वेढा तयार होतो आणि ताणून धरलेली रिंग त्या वेढ्याच्या बुडाशी सुटते. सुटताच ती आकसते आणि तिचे आतले भोक जेमतेम एक मिलिमीटरचे उरते. डॉक्टरांचे काम इथे संपते. वेढ्याचा रक्तपुरवठा त्या क्षणी तुटलेला असतो. गुलाबी नळी डोळ्यांदेखत पांढरी पडू लागते. पहिल्या रात्री ओटीपोटात कळा येतात त्या रक्त न मिळणाऱ्या त्या मांसाच्या असतात.

यानंतरचे सगळे काम बाईचे शरीर करते.

काही दिवसांत तो वेढा मरतो. मेलेल्या पेशी उचलून नेणाऱ्या पेशी तिथे जमतात आणि आठवडे-महिने तो भाग थोडा थोडा साफ करत राहतात. त्यांच्यामागून येणाऱ्या पेशी कोलॅजनचे धागे विणतात, नळीची दोन्ही तुटलेली टोके त्या व्रणाने बंद होतात, त्यांच्यावरून पोटाच्या आतल्या पातळ अस्तराचा थर चढतो आणि पूर्वी सलग असलेल्या नळीची दोन टोके एकमेकांपासून दूर जातात. रिंगेला आता आवळून धरायला काही उरलेले नसते. बहुतेक वेळा ती त्याच अस्तराखाली एखाद्या टोकाशी गुंडाळली जाते. कधी सुटून पोटाच्या घडीत पडते आणि तिथे शरीर तिच्याभोवती पातळ पापुद्रा तयार करून तिला आपल्यात ठेवून घेते. तेव्हा मोठीमायच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की रिंग थोडी इकडे-तिकडे झाली असेल, पण त्याने बिघडत नाही, कारण वाट आता रिंगेने बंद नाही. ती तिच्या स्वतःच्या व्रणाने बंद आहे. मी तिला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ विचार करत होती, आणि मग म्हणाली, "म्हणजे मीच केलं म्हना." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला वाटते, तिला ते आवडले होते.

शरीर परक्या वस्तूशी काय करते, हे एकदा लक्षात आले की या विषयातल्या बाकीच्या गोष्टीही त्याच उजेडात दिसू लागतात. अमेरिकेत नोव्हेंबर २००२ मध्ये एश्युअर नावाच्या उपकरणाला मान्यता मिळाली. त्यात चिरा नाही, टाका नाही, पोटात वायू नाही. गर्भाशयाच्या तोंडातून दुर्बीण आत घालून दोन्ही नळ्यांच्या मुखाशी साधारण चार सेंटिमीटरची एकेक बारीक स्प्रिंग बसवायची. बाहेरची गुंडाळी निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, आतली स्टीलची, आणि मध्ये पॉलिएस्टरचे तलम धागे. बाई त्याच दिवशी घरी जाई. या उपकरणात धातूचे काम फक्त जागा धरून ठेवण्याचे होते. खरी भिस्त धाग्यांवर होती. त्या धाग्यांनी नळीच्या अस्तराला चिथवायचे, तिथे दाह उत्पन्न करायचा, पांढऱ्या पेशी आणि परक्या वस्तूला घेरणाऱ्या महाकाय पेशी तिथे बोलावायच्या, आणि मग तीन महिन्यांत स्प्रिंगेच्या वेढ्यांमधून मांस वाढून दाट तंतूंचा व्रण व्हायचा आणि वाट बुजायची, अशी योजना होती. वाट बुजली की नाही हे तीन महिन्यांनी गर्भाशयात औषध सोडून एक्स-रेने बघायचे. रिंगेच्या बाबतीत रिंग आवळते आणि व्रण मागून येतो. इथे मात्र व्रण हेच साधन होते, आणि तो करून देण्याची जबाबदारी सर्वस्वी बाईच्या पेशींवर टाकलेली होती.

पण माणसागणिक पेशी वेगळ्या वागतात. कोणाच्या नळीत तंतू हवे तेवढे वाढले आणि पुढे काही झाले नाही. अशा बायका पुष्कळ होत्या, आणि त्यांचे समाधान खोटे म्हणता येणार नाही. कोणाची स्प्रिंग नळीची भिंत भेदून पोटात गेली, कोणाची तुटली, कोणाला ओटीपोटात न थांबणारे दुखणे जडले, कोणाला अंगावरून फार जाऊ लागले, कोणाला निकेल सोसले नाही. बायका एकमेकींना शोधून बोलू लागल्या, तक्रारी हजारोंनी झाल्या, सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर सुनावणी घेतली आणि २०१६ मध्ये उपकरणाच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. बायर कंपनीने २०१८ च्या अखेरीस त्याची तिथली विक्री थांबवली. २०२० मध्ये सुमारे ३९,००० स्त्रियांचे दावे मिटवण्यासाठी कंपनीने १.६ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. पण आत बसलेले उपकरण विक्री थांबल्याने बाहेर येत नाही. आमच्या धुऱ्यावर एक जुनी बाभूळ आहे, तिच्या खोडाला कधीकाळी ठोकलेली काटेरी तार खोडाने अंगात घेतली आहे. आता ती तार ओढली तर साल आणि लाकूड बरोबर येईल. या स्प्रिंगांचेही तसेच आहे. वेढ्यांमधून मांस वाढलेले असल्यामुळे काढायचे तर बहुधा नळीच काढावी लागते, आणि काही जणींना गर्भपिशवीही द्यावी लागली. मला त्या हजारो बायकांबद्दल वाचताना सगळ्यांत जास्त लागले ते हे, की सुरुवातीला त्यांच्यातल्या कितीतरी जणींना सांगितले गेले की दुखणे मनाचे आहे.

दाहाचा असा वापर आपल्याकडेही झाला आहे, आणि तो अधिक निर्दय होता. क्विनॅक्रिन हे मलेरियाचे जुने औषध; त्याच्या गोळ्या गर्भाशयात सोडल्या की नळ्यांच्या मुखाचे अस्तर भाजल्यासारखे होते आणि व्रण धरून वाट बंद होते. औषध प्रशासनाची या वापराला मान्यता नसताना काही खाजगी डॉक्टरांनी देशातल्या अनेक गरीब बायकांवर ही पद्धत वापरली. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९८ मध्ये तिच्यावर बंदी आली. त्या बायकांच्या शरीरात पुढे काय होत गेले याचा मागोवा ज्यांनी गोळ्या सोडल्या त्यांनी ठेवला नाही. ज्या पद्धतीत औषध एका मिनिटात आत जाते आणि ऊतीचे काम महिनोन्‌महिने चालते, तिथे त्या महिन्यांची जबाबदारी कोणीच घेत नसेल, तर त्याला उपचार कसे म्हणावे हे मला समजत नाही.

तांबीची, म्हणजे कॉपर-टीची, गोष्ट निराळी आहे. ती नळीत बसत नाही, गर्भाशयाच्या पोकळीत बसते, आणि तिथले अस्तर दर महिन्याला गळून नवे येते. आपल्याकडच्या एका तांबीवर ३८० चौरस मिलिमीटर तांब्याचा पृष्ठभाग असतो आणि ती दहा वर्षे चालते. या सगळ्या काळात तांब्याचे सूक्ष्म कण सुटत राहतात, अस्तरात पांढऱ्या पेशी जमलेल्या राहतात, जंतूंवाचून दाह चालू राहतो, आणि त्या वातावरणात शुक्रजंतू तग धरत नाहीत. तांबी काढली की अस्तर लवकरच पूर्वीसारखे होते; नळीच्या व्रणाला ते साधत नाही. पण याच दाहामुळे पाळी जास्त जाते, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, आणि आमच्याकडे हा मुद्दा सहज सोडून देण्यासारखा नाही. माझ्या चुलतभावाच्या बायकोला, म्हणजे मोठीमायच्या सुनेला, बाळंतपणानंतर तांबी बसवली होती. तिला सांगितले गेले, की सवय होईल. ती दिवसभर पाठीला ओटी बांधून कापूस वेचायची, आणि पाळीच्या दिवसांत वावरात आडोसा शोधत, फडके बदलायला जागा नाही म्हणून पाणीच कमी पीत, उन्हात उभी असायची. ज्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे असे तीच राष्ट्रीय पाहणी सांगते, तिथे महिन्याला थोडे जास्त रक्त जाणे ही थोडी गोष्ट नाही. वहिनीने शेवटी उपकेंद्रात जाऊन तांबी काढून घेतली. तिची शेजारीण तीच तांबी बसवून कित्येक वर्षे खुशाल आहे. दोन्ही खरे आहे.

गावातल्या बायका एक गोष्ट पक्की मानतात: ऑपरेशननंतर अंग बिघडते. कंबर धरते, पांढरे जाते, पाळी वेडीवाकडी होते, हातापायात जोर राहत नाही. या समजुतीला मी वर्षानुवर्षे पुस्तकाच्या जोरावर उत्तर देत आले, आणि पुस्तक माझ्या बाजूने आहेही. अमेरिकेत साडेनऊ हजार शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचा पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या नवऱ्यांची नसबंदी झाली होती अशा स्त्रियांशी तुलना केल्यावर, पाळीतले रक्त आणि दुखणे वाढल्याचे दिसले नाही. उलट ते थोडे कमी झाल्याचे आढळले, फक्त पाळीची अनियमितता काहीशी जास्त सांगितली गेली. पण तो अभ्यास ज्या बायकांचा होता त्या वाकून निंदण करत नव्हत्या. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जे मांडले, ते मी माझ्या विद्यार्थिनींना दर वर्षी वाचून दाखवते. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता आजार होता, आणि त्याआधी त्यासाठी तपासणी व उपचार मिळालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. तेव्हा ऑपरेशननंतर अंग बिघडले असे म्हणणाऱ्या बाईला रिंगेने काही होत नाही असे सांगून परत पाठवणे, हे अर्धेच उत्तर आहे. रिंगेने झालेले नसेल, पण काहीतरी झालेले आहे. तिच्या अंगातला संसर्ग, रक्तक्षय किंवा गाठ ऑपरेशनच्या आधीही तिथे असू शकते, आणि ऑपरेशन ही तिच्या आयुष्यातली बहुधा एकमेव वेळ होती जेव्हा कोणी तिच्या ओटीपोटाची दखल घेतली. म्हणून ती प्रत्येक दुखण्याची तारीख तिथून मोजते. मला हे मोजणे आता चुकीचे वाटत नाही.

आणि व्रणाचीही शंभर टक्के हमी नसते. अमेरिकेतल्याच, दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासात, १९९६ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार, रिंग बसवलेल्या दर हजार स्त्रियांमागे दहा वर्षांत जवळजवळ अठरा जणींना दिवस गेले. कधी टोके नीट बंद होत नाहीत, कधी व्रणातून बारीक वाट उघडते. शुक्रजंतूला पुरेल इतकी ती असते, वाढू लागलेल्या गर्भाला ती पुरत नाही. म्हणून सर्व पद्धती मिळून त्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर राहिलेल्या गर्भांपैकी सुमारे एक तृतीयांश गर्भ गर्भाशयाबाहेर, मुख्यतः नळीतच, रुजलेले होते. अशी नळी फुटली तर बाई काही तासांत दगावू शकते. हे सगळे शिबिराच्या खोलीत कोणी सांगत नाही, कारण तिथे ऑपरेशन त्याच दिवशी झालेले असते. कागदावर तारीख पडते, अंगठा उठतो, रक्कम मिळते. २०१४ च्या नोव्हेंबरात आमच्या शेजारच्या छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशने झाली, आणि त्या दिवसांतल्या तिथल्या शिबिरांनंतर किमान तेरा बायका दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरे बंद करण्याचे निर्देश दिले. रांगा त्यानंतर आखूड झाल्या हे मी बघते आहे. पण कागद तसाच राहिला. मोठीमायने ट्रंकेत जपून ठेवलेल्या तिच्या प्रमाणपत्रावर गावाचे नाव आहे, वय आहे, मुलांची संख्या आहे. आत काय बसवले, कशाचे आहे, ते आत राहणार आहे का, पाळी चुकली तर काय करायचे, यातले एकही अक्षर नाही. आता ऑपरेशन झालेल्या मुलींचे कागद मी मुद्दाम मागून बघते. छपाई चांगली झाली आहे.

परवा आमच्या गल्लीतली एक सून संध्याकाळी माझ्याकडे आली. तिचे दुर्बिणीचे ऑपरेशन दुसऱ्या बाळंतपणानंतर झाले आहे आणि तिची पाळी लांबली होती. सासूने तिला म्हटले होते, "आपरेशन झालेल्या बाईले कुठचे दिवस जातेत?" आणि विषय मिटवला होता. मी तिला सांगितले की बहुतेक नसतीलच, पण त्याची खात्री लघवीच्या तपासणीनेच करायची असते, आणि एका बाजूला ओटीपोटात जोराने दुखले किंवा चक्कर आली तर रात्र असली तरी थांबायचे नाही. दुसऱ्या दिवशी आशाताईंबरोबर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. दिवस नव्हते. रक्त मात्र आठ निघाले, आणि त्याआधीचे कित्येक महिने पाळी फार जात होती हे तिथे पहिल्यांदा तिने कोणाला तरी सांगितले. तिने मला विचारले की हे रिंगेमुळे आहे काय. मी म्हटले की रिंगेमुळे असण्याची शक्यता फार कमी आहे, पण इतके रक्त जाण्याला कारण असलेच पाहिजे आणि ते शोधायला हवे. तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. सोनोग्राफीसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचे आहे; वेचणीचे दिवस असल्यामुळे सासू पुढच्या महिन्यात जाऊ म्हणते आहे, आणि मी या आठवड्यातच जाऊ म्हणते आहे.